पातळ गादी

“गादी पातळच ठेव,” बाई म्हणाल्या. “आहे तीसुद्धा जाडच आहे.”

फिटर कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिला. गोल्फच्या मैदानावरून बाद झालेली ती बॅटरीवरची गाडी मास्तरांनी घरच्या वापरासाठी घेतली होती, आणि तिला नवं रूप द्यायचं काम त्याच्याकडे होतं. छत बदलून झालं होतं. पुढे भाजीची टोपली बसली होती. मागे उलट्या तोंडाचं बाक लागलं होतं.

“काकू, या वयात पाठीला हादरे कशाला? स्प्रिंगा घालतो. लोण्यासारखी चालेल.”

“लग्न झाल्यावर मी सायकलच्या दांडीवर बसून सगळं गाव फिरले. त्या मानाने ही गादी म्हणजे चैनच.”

म्हातारी चिकट आहे, असं मनात म्हणून फिटरने स्प्रिंगा परत पेटीत टाकल्या.

गाडीच्या अंगावर मास्तर स्वतः फुलं रंगवत होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. पण पाकळ्या देठ सोडून भलतीकडेच गेल्या होत्या आणि पानं चक्क निळी झाली होती.

“कशी झालीत गं?” मास्तरांनी विचारलं.

“सुरेख,” बाई म्हणाल्या. “हात अजून तसाच आहे तुमचा.”

नवऱ्याचं मन असं राखणारी बाई बघून फिटरने तिचा चिकटपणा माफ करून टाकला.

मास्तरांची नजर गेली होती, हे फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. अगदी काळोख नव्हता, पण समोरचं सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसे. ऑपरेशनचाही उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मास्तर दवाखान्याच्या पायरीवरच बसले. मुलाला कळलं असतं तर त्याने दोघांना उचलून आपल्या दहाव्या मजल्यावर नेलं असतं. टेकडीवरचं घर, मागची बाग, सगळ्याला कुलूप. मुलगा वाईट नव्हता, पण काळजी करायला लागला की कुणाचं ऐकत नसे.

“मी आहे ना,” बाई त्या पायरीवर म्हणाल्या होत्या. “तुम्ही चाक धरा. रस्ता मी सांगते. सायकलवर तरी कोण सांगत होतं?”

तेव्हापासून वसाहतीत ती गाडी फिरू लागली आणि लोकांना फुकटची करमणूक झाली.

“उजवीकडे घ्या. आता उंचवटा येईल. सावकाश. हं, डावीकडे.”

“मास्तर, गाडी तुम्ही चालवता की वहिनी?” कुणीतरी विचारायचं.

“घर तीच चालवते, गाडीचं काय घेऊन बसलात,” मास्तर म्हणायचे.

बाई मात्र हसत नसत. कुणी हात केला तरी बघत नसत. आपण दोन शब्द बोलल्याशिवाय या ओळख देत नाहीत, फार शिष्ट आहेत, असं शेजारणी म्हणत. रस्ता सांगायचा नसला तरी गाडीत बाईंचे ओठ सारखे हलत. “माझ्या नावाने बोटं मोडतेय,” मास्तर सांगत.

वसाहतीने एकदा रस्त्यावरचे गतिरोधक काढायचं ठरवलं. कधी नव्हे त्या बाई सभेत उठल्या आणि अशा भांडल्या, की एकही उंचवटा हलला नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग समितीने तळ्याच्या वळणावर नवं बाक आणून ठेवलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सरळ जाऊन त्यावर आदळली. बाकाचा पाय मोडला, माणसं शाबूत राहिली.

“लक्ष कुठे असतं तुमचं?” बाई चारचौघांत म्हणाल्या.

“चुकलं,” मास्तर म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “तू बोलली का नाहीस गं?”

“नेमकी शिंक आली हो.”

मास्तरांनी ते मानलं. तिचं बोलणं त्यांनी आजवर कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी सेक्रेटरी दारात उभा राहिला. “राग मानू नका, मास्तर. तक्रार आली आहे. एक फेरी माझ्यासमोर मारून दाखवा. जमलं तर चावी तुमची. नाहीतर गाडी फाटकाशी उभी राहील.”

मुलालाही त्यानेच कळवलं. मुलाने लगेच आईला फोन केला. “बाबा नापास झाले तर मी सामान बांधूनच नेणार आहे. आधीच सांगून ठेवतो.”

फेरीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. बाई मास्तरांच्या शेजारी बसल्या.

“बसा, वहिनी,” सेक्रेटरी म्हणाला. “तुमच्याशिवाय यांचं इंजिन सुरू होत नाही, माहीत आहे मला.” तो मागच्या बाकावर चढला, आणि गाडी निघाली तशी मागे सरकणारी झाडं बघत राहिला.

“आमचा मुलगा दिसला का हो कुठे?” बाईंनी विचारलं.

“नाही अजून.”

फेरी बेतल्यासारखी झाली. चढ, बागेचं वळण, तळं, पाण्याची टाकी. मास्तरांचं चाक कुठे लटपटलं नाही. “पास आहात, मास्तर,” सेक्रेटरी मागून म्हणाला. “फाटकापर्यंत नेलीत की झालं.”

मुलगा नुकताच फाटकाशी पोचला होता. गाडी इतकी नीट येताना बघून त्याच्या मनातला राग विरघळला. दोघांना बळेच घेऊन जावं असं काही नव्हतंच. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. हाक मारली नाही. आईने बघावं, हसावं, गाडी थांबवायला सांगावं, एवढीच त्याची हौस होती.

गाडी जवळ आली. आईचे डोळे थेट त्याच्यावर होते, ओठ मात्र आकडे मोजत होते.

मास्तरांचा पाय किंचित सैल झाला. “पुढे काही आहे का गं? काहीतरी उभं आहे असं वाटतंय.”

“छे हो,” बाई म्हणाल्या. “चिटपाखरूसुद्धा नाही. दाबा पाय.”