उजवीकडचा इंच

"हिचा फ्रॉक काढला नसता तर मला काही कळलंच नसतं," सर्जनबाई म्हणाल्या. "कपड्यांत मुलगी अगदी सरळ दिसते. कोण शिवतं हिचे कपडे?"

"मीच," मास्तर म्हणाले. त्यांना क्षणभर फार बरं वाटलं. मग बायकोने कोपराने ढोसलं.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकानावर पाटी होती : 'आमच्याकडे वाकडं काही शिवून मिळत नाही.' त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला घरी बटण म्हणत. दोन वर्षांपूर्वी बटणची कंबर उजवीकडून वर चढू लागली आणि तिच्याबरोबर फ्रॉकचा घेरही. दुसऱ्या कुणी बापाने डॉक्टर गाठला असता. मास्तरांनी कात्री गाठली. त्यांनी घेर उजवीकडे पाव इंच लांब कापला आणि बटण सरळ दिसू लागली. सहा महिन्यांनी अर्धा इंच कापला, मग पाऊण, मग चांगला एक. पोर अंथरूण ओलं करू लागली, तेव्हा त्यांनी रबरी अस्तराच्या सात खोळी शिवल्या, रोजची वेगळी. पाठीवर, कमरेपाशी केसांचा एक झुपका होता. ती भाग्याची खूण आहे, असं तिच्या तिन्ही आत्यांनी एकमताने ठरवलं होतं. एरवी त्यांचं कशावरच एकमत होत नसे. शाळेतल्या बाई म्हणत, "किती टापटीप मुलगी!" दुखणं वाढत होतं, मास्तरांची कारागिरीही वाढत होती, आणि कारागिरी कायम एक पाऊल पुढे होती. शेवटी बटण जिन्यात दोनदा पडली. जिन्याला काही शिवता येईना, म्हणून मंडळी इथे आली होती.

सर्जनबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडावर लावली. "पाठीच्या कण्यातला हा मज्जारज्जू खालून मोकळा हवा. हिचा एका जाड धाग्याने बांधला गेलाय. मुलगी उंच होतेय तसा तो ताणला जातोय. पाय, लघवी, कंबर, सगळं त्या ताणाने बिघडतंय. पाठीवरचा तो केसांचा झुपका याचीच खूण."

मास्तरांनी चष्मा पुसून फिल्म पाहिली. "वाढत्या अंगाच्या कपड्याला आत जादा कापड दुमडून ठेवावं लागतं," ते म्हणाले. "इथे ठेवलेलंच नाही. हे बेतलं कुणी?"

"अहो, देवाने!" बायको कुजबुजली.

"मग त्याला कुणी सांगायचं की नाही?"

"तो धागा आम्ही कापून टाकतो," सर्जनबाई म्हणाल्या.

"म्हणजे उसवायचं." मास्तरांचा आवाज खाली आला. "आणि उसवताना शेजारचा चांगला धागा कापला गेला तर?"

"आधी प्रत्येक धाग्याला बारीकशी वीज लावून बघतो. पाय हलला तर ती नस. तिला हात लावायचा नाही."

"कापडाला विचारून कापता!" मास्तरांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पण एक ऐका. आणखी बिघडू नये म्हणून हे करायचं. बिघडलेलं सुधारेलच, असं वचन मी देत नाही. कंबर खाली येईल किंवा येणारही नाही."

बायकोने विचारलं, "दोन वर्षं आधी आलो असतो तर?"

सर्जनबाईंनी फिल्म उतरवून पाकिटात घातली. मास्तर आपल्या हातांकडे पाहत बसले.

ऑपरेशन चार तास चाललं. उसवताना हात कसा निसटतो, हे मास्तरांहून जास्त कुणाला ठाऊक? बाहेरच्या बाकावर बसून ते खिशातली टेप गुंडाळत आणि सोडत, गुंडाळत आणि सोडत. शेजारच्या गृहस्थांनी जागा बदलली.

पुढचे काही दिवस बटणला सपाट झोपून राहायचं होतं. पट्टी बदलताना मास्तरांनी वाकून टाके तपासले. "बरे आहेत," त्यांनी सर्जनबाईंना सांगितलं. "शेवटचा जरा घट्ट झालाय." बाईंनी मान डोलावली.

तीन महिने गेले. सातांपैकी पाच खोळी कपाटातच राहू लागल्या. बटण कठडा न धरता जिना उतरू लागली. पण कमरेचं काय, ते मास्तरांनी पाहिलंच नाही. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांनी लेकीला टेप लावली नव्हती. गावभरची मापं घेणारा माणूस, पण ती समोर आली की टेप खिशात जाई.

मग शाळेत कार्यक्रम निघाला. बटण पहिल्या रांगेत उभी राहणार होती. बायकोने तिला ऑपरेशनच्या आधी शिवलेला निळा फ्रॉक घातला आणि मागे सरून पाहिलं.

"अहो, इकडे या जरा. घेर वाकडा शिवलाय तुम्ही."

"वाकडा? मी?" मास्तर मशीनवरून ताडकन उठले. रागाच्या भरात टेप कधी हातात आली, ते त्यांनाही कळलं नाही. गुडघे टेकून त्यांनी जमिनीपासून घेराचं माप घेतलं, डावीकडे आणि मग उजवीकडे. उजवी बाजू बरोब्बर एक इंच खाली लोंबत होती, त्यांनी जादा कापली होती तेवढीच.

"बटण, नीट उभी राहा."

"नीटच उभी आहे, बाबा. तुमचंच वाकडं आहे. मुली हसतील मला."

मास्तरांनी पुन्हा माप घेतलं. मग ते तसेच ओणवे राहिले, इतका वेळ की बायकोला वाटलं, उसण भरली.

दुपारपर्यंत दोन्हीकडे सारखा, नवा फ्रॉक तयार झाला. निळा फ्रॉक मास्तरांनी दुकानाच्या काचेत, पाटीच्या बरोबर खाली टांगला. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक दारातच थबके. "मास्तर, हा वाकडा आहे हो! उजवीकडे चांगला इंचभर!"

मास्तर मशीन थांबवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा. आत बायको ऐकतेय."