उपेंद्ररावांची गरजणारी मोटार

भोरच्या उपेंद्रराव वकिलांनी आपली दोन जणांची उघडी रेसची मोटार पुण्याच्या कारखान्यात नेली आणि तिला नवे ब्रेक अन् धुराची जाड नळी बसवून आणली. आता मोटार पळे जोरात आणि गरजेही जोरात. वेल्ह्याच्या कचेरीत नोकरीला असलेले सासरे या मोटारीला ‘खेळणं’ म्हणत. त्यांना एकदा रुबाब दाखवायचाच, म्हणून पत्नी पद्मजाबाईंना शेजारी बसवून ते निघाले.

विंझरच्या वळणापलीकडे भर रस्त्यात एक म्हातारी हात करून उभी होती. उपेंद्ररावांनी ब्रेक दाबला. मोटार तिच्या लुगड्याला न शिवता जागच्या जागी थांबली.

“पाहिलेस ब्रेक?” ते खुशीत बायकोला म्हणाले.

तोवर म्हातारीने कोंबड्यांची पाटी पद्मजाबाईंच्या मांडीवर ठेवलीही होती. “आवाज लई लांबनं आला. तवाच म्या वळाकलं, सर्व्हिस मोटार आली.”

“आजी, ही भाडं घेऊन उतारू नेणारी सर्व्हिस मोटार नाही.”

“न्हाई कशी? थांबली की माज्यासाठी.”

पद्मजाबाईंना तिला उतरवणं जिवावर आलं. मग काय, पुढच्या प्रत्येक फाट्यावर आवाज ऐकून माणसं आधीच रस्त्यात येऊन उभी!

वेल्ह्यात कचेरीपुढे मोटार थांबली. मोटारीच्या बाजूच्या पायफळीवर उभी असलेली माणसं, तांदळाची गाठोडी, कोंबड्या, सगळं उतरेपर्यंत सासरे पायरीवर उभे राहून बघत होते. मग त्यांनी जावयाला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले,



“वकिली चालत नाही, हे आधी नाही का सांगायचं, जावईबापू?”