कुरणे सरांचा पोरगा

“परत म्हण,” कुरणे सर म्हणाले.

“माझं गाव गडमुडशिंगी हाय.”

“हाय?”

“आहे,” प्रसेनजीत म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सर नुसते हसले. रागवायचं म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं.

कॉलेजात अल्पसंख्याक समाजातल्या मुलांसाठी नेतृत्वाची योजना होती. एकेका पोराला एकेक मार्गदर्शक. वर्षाअखेर मुलाखत, आणि जिल्ह्यातनं एकाच पोराला पुण्यात वर्षभर शिक्षण, राहणं-खाणं फुकट. ती जागा हुकली तर प्रसेनजीतचं पुढचं ठरलेलं होतं. मामानं उद्यमनगरच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत शब्द टाकून ठेवला होता. त्याच फौंड्रीत बाप खोकून खोकून गेला. आई, शेवंताबाई, रोज बजावायची, “कुठंबी जा बाबा, पर त्या भट्टीकडं फिरकू नगंस.”

म्हणून सर म्हणतील ती पूर्व दिशा.

सर आपल्यातलेच, बौद्ध. जिल्ह्यात समाजाचा कुठलाही कार्यक्रम असो, मधली खुर्ची कुरणे सरांची; त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं लोकांनी कधी बघितलंच नव्हतं. गेल्या चार वर्षांत त्यांचा एकही पोरगा निवडला गेला नव्हता, पण गडी हरायचं नाव घेईल तर शपथ. दर साली नवा पोरगा घ्यायचा आणि पुन्हा कंबर कसायची. “पोरांचंच नशीब फुटकं, सर तरी काय करणार?” असं लोक हळहळायचे.

जुलैत सरांशी पहिल्यांदा भेट झाली, तेव्हा प्रसेनजीतनं छाती फुगवून सांगितलं होतं. वस्तीत पाण्याचा नळ नव्हता. त्यानं चाळीस बायका रिकाम्या घागरी घेऊन ग्रामपंचायतीत नेऊन बसवल्या. तिसऱ्या दिवशी नळ आला.

“छान,” सर म्हणाले. “पण मुलाखतीत हे काढू नकोस. वस्ती, नळ, घागरी ऐकून समितीचे कान किटलेत. देशातल्या तरुणांवर बोल.”

दिवाळीपर्यंत हाय-न्हाय गेलं. एकदा घरी तो म्हणाला, “आई, मला जेवायला वाढतेस का?” शेवंताबाई बघतच राहिली. “अगं बया! कुठल्या पावण्याचं पोरगं म्हणायचं हे?” ती खळखळून हसली. मग भाकरी मात्र पावण्याला वाढावी तशी जपून वाढली.

मुलाखत आठवड्यावर आली तेव्हा सरांनी शेवटचं सांगितलं. “आत गेल्यावर कुणी काहीही म्हणो, तू नमस्कार म्हणायचं.”

“समोरून जय भीम म्हणले तर?”

“तरीसुद्धा. ती परीक्षाच असते. तिथं सगळ्या धर्मांची माणसं बसलेली असतात. पुढारी सगळ्यांचा असतो, बाबा.”

प्रसेनजीतच्या घशाखाली ते उतरेना. बोलायला शिकल्यापासून जय भीमला जय भीम हेच उत्तर त्याला माहीत. पण सरांपुढं आपण कोण टिकोजीराव? त्यानं मान डोलावली.

मुलाखतीच्या दिवशी समितीत मधे बनसोडे साहेब बसले होते. निवृत्त शिक्षणाधिकारी, पिकलेले केस, मायाळू चेहरा.

“ये बाळा. जय भीम.”

ओठापर्यंत आलेलं प्रसेनजीतनं गिळलं. “नमस्कार,” तो म्हणाला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “वस्तीसाठी काही केलंस का?”

“आजच्या तरुणांनी संकुचित वर्तुळाबाहेर पडायला हवं, सर,” प्रसेनजीत म्हणाला आणि दहा मिनिटं न अडखळता बोलला. एकही हाय नाही, एकही न्हाय नाही. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते.

त्याच संध्याकाळी निकाल लागला, जागा कुरुंदवाडच्या वृषभला गेली. जैनांतल्या नेमगोंडा पाटलाचा पोरगा, शेतातल्या चिखलाबद्दल हाय-न्हाय करतच बोलला म्हणे.

प्रसेनजीतच्या पायाखालची जमीनच सरकली. साहेब गाडीत बसायला निघाले, तसा तो आडवा गेला. “सायेब, माझं चुकलं तरी काय? तेवढं सांगा की! सोमवारपास्नं भट्टीवर जायाचं हाय मला.”

साहेब थबकले. “असं बोलतोस होय तू? मग आत काय झालं होतं?”

“सरांनी शिकवलं तसं बोललो.”

“कुरणेंनी?” साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बगलेतली फाईल काढून त्यांनी एक कागद पुढं केला. “हा दाखवायचा नसतो. वाच.”

‘मार्गदर्शकाचा गोपनीय अभिप्राय. मुलगा हुशार आहे. परंतु स्वतःच्या समाजाची, वस्तीची व बोलीची त्यास लाज वाटते. समितीने मुलाखतीत याची खात्री करून घ्यावी.’

खाली कुरणे सरांची वळणदार सही होती. सहीखाली तारीख होती अठ्ठावीस जून. तोवर सरांनी प्रसेनजीतला एकदाही पाहिलं नव्हतं.