डावीकडची सीट

उद्या सकाळी देशाची सीमा ओलांडायची, म्हणून कंपाउंडरसाहेबांचा जीव टांगणीला लागला होता. लेकीकडे विमानानेही जाता आलं असतं, पण आपलीच गाडी न्यायचा हट्ट त्यांचाच, आता बोलणार कोणाला? परवाना, विम्याचा कागद, धोक्याचा लाल त्रिकोण, सगळं तीनतीनदा तपासून झालं, तरी खरी काळजी वेगळीच होती. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच.

शेवटी त्यांनी बायकोला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. चष्म्याचं घर म्हणजे आपली गाडी, तिच्यापुढे पाण्याची बाटली म्हणजे ट्रक.

“मी बसणार रस्त्याच्या कडेच्या बाजूला. ट्रकला ओव्हरटेक करताना पलीकडचं मला काही दिसणार नाही. समोरून कोणी येतंय का, ते तुझ्या सीटवरूनच दिसणार. कोणी आलं की ‘थांबा’ म्हणायचं. कळलं?”

तिने मान हलवली.

त्यांनी एका हाताने चष्म्याचं घर बाटलीच्या डावीकडून हळूच बाहेर काढलं आणि दुसऱ्या हाताने समोरून चहाचा कप पुढे सरकवायला घेतला. ती कपाकडे टक लावून बघत होती. कप जवळ आला, आणखी जवळ आला आणि चष्म्याच्या घरावर आदळला.

“अगं, दिसला नाही का कप?”

“दिसला की. पण ‘मी गाडी चालवताना मध्ये बोलायचं नाही’, असं तुम्हीच बजावलंय. तीस वर्षं झाली त्याला. आता दिसलं तरी तोंड उघडत नाही हो.”