हिरवी चिठ्ठी

पाचला दहा मिनिटं कमी होती आणि बाळांच्या आहाराच्या डब्यांनी भरलेली गाडी गेटपाशी घरघरत उभी होती. नमुन्यातला ओलावा पाच टक्क्यांच्या आत हवा होता. यंत्र तिसऱ्यांदा साडेपाच दाखवत होतं.

“रोज पाचला गाडी सुटणार, हे मीही मालकांना लिहून दिलंय,” रवानगी विभागाचे लोटलीकर म्हणाले. “चिठ्ठी द्या, मॅडम.”

‘एकही तक्रार नको’ हे कंपनीचं नवं धोरण. त्यासाठी प्रत्येक विभागाने एकेक नियम दिला होता आणि आज पहिलाच दिवस होता. प्रयोगशाळेच्या मृणालिनीचा नियम होता, हिरव्या चिठ्ठीशिवाय गाडी बाहेर नाही.

तेवढ्यात मालकांचा फोन आला. “आजचा दिवस सही करून टाका. उद्यापासून कडक राहू.”

तिने सही केली. पण ओलाव्याच्या रकान्यात खोटा आकडा काही तिच्या हातून उतरेना. तिने साडेपाचच लिहिलं.

गेटवर रखवालदार दगडूमामांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि साखळी पुन्हा अडकवली.

“अहो, सही आहे ना खाली?” लोटलीकर खेकसले.

“आहे की. पण सकाळी प्रयोगशाळेच्या बाईंनीच शिकवलं, सही नाही, आकडा बघायचा. पाचच्या वर दिसला की गेट बंद.”

लोटलीकरांनी मालकांना फोन लावून मामांच्या कानाशी धरला. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

“साहेब, माझ्या केबिनमध्ये नियमाचा कागद लावलाय, त्यावर तुमचं नाव आहे. तो आधी काढू का?”

पलीकडून दोनच शब्द आले. मग मामा ड्रायव्हरकडे वळले.

“साहेब ‘नको काढू’ म्हणतात. इंजिन बंद कर.”