एकोणीस वॅट

"घाम फुटलाय तुम्हाला, साहेब. एसी वाढवू?"

"आमच्या कंपनीचा असेल तर वाढवा," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले.

तपासनीस बाई हसली नाही. तिच्यापुढे सात रकान्यांचा अर्ज होता.

रकाना एक. कंपनी.

हे नाव विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिचा दादा तिथे, याच साहेबांच्या हाताखाली, इंजिनिअर होता. एका एसीच्या कागदावरच्या आकड्यांत लबाडी निघाली, लोकांची विजेची बिलं फुगली, चौकशी बसली. साहेबांनी हात झटकले. "मी तर ती फाइल उघडूनही पाहिली नाही." दादाची नोकरी गेली, नाव गेलं. तेव्हापासून तो घरी बसून शेजाऱ्यांचे टेबलफॅन दुरुस्त करतो.

चौकशीचा निकाल ती ऑफिसच्या खणात ठेवायची. राग विझू नये म्हणून.

साहेबांना तिचं सासरचं आडनाव माहीत होतं. तेवढंच.

रकाना दोन. पद्धत.

सिम्युलेशन. खरा एसी भिंतीवर टांगायचा नाही. कंपनी त्याचं मॉडेल फाइलमध्ये घालून आणते, सॉफ्टवेअर पडद्यावर वर्षभराचं ऊन पेटवतं आणि किती वीज खाल्ली ते सांगतं. वीज जितकी कमी, तितके तारे जास्त.

रकाना तीन. बाहेरच्या पंख्याची वीज.

एकोणीस वॅट.

तिने एकोणीस पुसून साठ लिहिलं. आता पाचाचे दोन तारे होणार. दोन ताऱ्यांचा एसी कुत्रं विचारणार नाही. बोट एंटरवर ठेवलं आणि उचललं. हे सुख एकटीने कसं भोगायचं?

ती फोन घेऊन बाहेर आली.

"दादा, तुझे साहेब माझ्या टेबलासमोर बसलेत."

पलीकडे स्क्रू ड्रायव्हर पडल्याचा आवाज.

"पंख्याला किती दाखवलेत?"

"एकोणीस. मी साठ करतेय. बघच तू, कसं तोंडावर पाडते."

दादा इतका वेळ हसला की त्याला ठसका लागला.

"तायडे, आकड्याला हात लावायचा नाही."

"अरे, त्या माणसाने तुझी माती केली!"

"म्हणून सांगतोय. आहे तसं ठेव. आणि त्यांना चहा पाज, चांगला."

"देवळात बसवा कुणीतरी याला!" ती म्हणाली आणि फोन कट केला.

जागेवर आली. खण थोडा उघडला, आत पाहिलं, लावला. मग साठ पुसून एकोणीस केलं आणि चहा मागवला. दोन कप, साखर जास्त.

चार, पाच, सहा. नमुना, तारीख, तारे.

एसी नवा, मॉडेल जुन्याच फाइलवरचं. फाइल पहिल्यांदा कधी तयार झाली ते सॉफ्टवेअरने आपोआप छापलं: बारा वर्षांपूर्वी.

तारे: पाच.

"अभिनंदन, साहेब."

साहेबांचा घाम एका क्षणात वाळला. "मी म्हटलंच होतं! तुमच्यासारखी प्रामाणिक माणसं हल्ली मिळत नाहीत हो."

रकाना सात. मॉडेल कोणी लिहिलं?

"इथे खरं नाव लागतं," ती म्हणाली. "प्रमाणपत्रावर तेच छापलं जातं. तुमच्या एखाद्या इंजिनिअरचं घालू?"

"इंजिनिअरचं? त्यांना पंखा कुठल्या बाजूने फिरतो ते कळत नाही!"

"पण फाइल बारा वर्षांपूर्वीची दिसतेय. तेव्हा दुसरं कुणी होतं का?"

"होते ना. सगळे आयत्या बिळावरचे नागोबा. द्या इकडे, मीच लिहितो."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. एक एक अक्षर कोरून लिहिलं: *पहिल्या दिवसापासून हे मॉडेल मी एकट्याने लिहिले आहे. यातला एकही आकडा दुसऱ्या कुणाचा नाही.* खाली लफ्फेदार सही केली. चहाचा शेवटचा घोट घेतला.

"चहा फक्कड होता, बाई."

"दादाने सांगितला होता," ती म्हणाली.

तिने सहीवर शिक्का मारला, खण पूर्ण उघडला आणि अकरा वर्षांपूर्वीचा निकाल अर्जाला लावून ठेवला. त्यातलं एकच वाक्य लाल शाईने अधोरेखित होतं: *लबाडी एकाच आकड्यात आहे, बाहेरचा पंखा, एकोणीस वॅट, आणि ज्याने हे मॉडेल लिहिले, तोच गुन्हेगार.*