चार वर्षांची सवत

मेलेला माणूस लगेच दुसऱ्या घरी जन्म घेतो, यावर शूफच्या डोंगरातल्या त्या द्रुझ पंथीयांच्या गावात कुणाचं दुमत नव्हतं. त्यामुळे पलीकडच्या गावची चार वर्षांची पोर "मी नझीहा" म्हणत दारात उभी राहिली, तेव्हा रुदैनाच्या सासूनं आपल्या मुलाची गेलेली पहिली बायको परत आली म्हणून तिला कवटाळून टाहो फोडला.

"बघ गं बाई, सवत आली तुझी!" शेजारणीनं रुदैनाला डिवचलं.

रुदैनाचा नवरा फव्वाज हसत पोरीसमोर उकिडवा बसला. "आणि मला ओळखलंस का, राणी?"

पोर झटकन रुदैनाच्या झग्याआड दडली. रुदैनाला राहवलं नाही. तिनं तिला कडेवर घेतलं.

पोर तिच्या कानाशी लागली.

"याच्याबरोबर गच्चीवर जाऊ नकोस. माझा पाय घसरला नव्हता."